नवा कॅम बसवण्याआधी: बाजारातल्या कॅमशाफ्टची पारख, मोजमाप आणि बसवणी

एका पावसाळ्यात दूधवाला स्प्लेंडर घेऊन दारात आला. दोन्ही बाजूंना कॅन, हेडमधून टकटक, आणि चढ लागला की गाडी ओढायचं नाव घेत नाही. पंधराच दिवसांपूर्वी मीच तिचा कॅम, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात (हेडात) फिरून वाल्व उघडणारा दांडा, बदलला होता. टॅपेट कव्हर काढून बोट घातलं, तर एक्झॉस्ट वाल्वच्या लोबचं, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याचं, टोक गुळगुळीत लागायच्या ऐवजी चपटं आणि खरखरीत लागलं. तेल काढलं, त्यात चंदेरी झाक होती.

दुकानदार म्हणाला, गाडीत तेल नसणार. दूधवाला म्हणाला, फिटरला जमलं नाही. मी म्हणालो, माल डुप्लिकेट आहे. तिघांपैकी एकाकडेही पुरावा नव्हता. माझ्याकडे तर असायलाच हवा होता, पण खोक्यातून काढलेला कॅम मी तेल लावून सरळ हेडात घातला होता. ना मोजला, ना जुन्याशेजारी धरून पाहिला. तो जुना कॅम मी भंगारात टाकला होता, ही त्यातली मोठी चूक.

कंपनीचा जुना कॅम कितीही घासला असला तरी तुमच्याकडचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं मोजमापाचं साधन तोच आहे. पुढचं सगळं त्याच्याच आधाराने सांगतो. उदाहरणाला ९७.२ सीसीचं, ५० मिमी बोअर आणि ४९.५ मिमी स्ट्रोकचं इंजिन धरलं आहे. १९८५ च्या सीडी १०० पासून ते आपल्या रस्त्यांवर आहे, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि गावोगाव पोचलं. त्याच्याइतके बाजारातले कॅम क्वचितच दुसऱ्या कुठल्या इंजिनाला मिळत असतील. म्हणून घोळही तिथेच जास्त. पद्धत मात्र कुठल्याही इंजिनाला तीच.

आधी खात्री करा की दोष कॅमचाच आहे

हेडमधून टकटक आली की कॅम बदलायचा, ही सवय आधी मोडा. टॅपेट (रॉकर आणि वाल्व यांच्यातला गॅप ठरवणारा स्क्रू) ढिला असला, रॉकरची (कॅमचा धक्का वाल्वला देणाऱ्या कांडीची) पिन खाल्लेली असली, टायमिंग चेन ताणलेली असली किंवा टेन्शनर कमजोर असला, तरी आवाज साधारण तसाच येतो. कॅम खाल्लेला असला तर आवाजाबरोबर पिकअपही जातो, कारण वाल्व पुरता उघडत नाही. टॅपेट सेट केल्यावर शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये तोच टॅपेट पुन्हा ढिला झाला, तर संशय पक्का. काहीतरी झिजत चाललं आहे, आणि ते कॅमचा लोब किंवा रॉकरचा पॅड (कॅमवर टेकणारं तोंड) यांपैकीच एक असतं. बहुधा दोन्ही.

इंजिन थंड असताना मॅग्नेटवरची (क्रँकवर, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या मुख्य दांड्यावर, बसलेल्या चाकावरची) टी खूण मिळवून, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून टॅपेटचा गॅप फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) बघा. तो लिहून ठेवा. मग हेड उघडा.

कॅम का खाल्ला, हे कळल्याशिवाय नवा घालू नका. खाली तेलाची जाळी बुजलेली आहे का, तेल फेकणाऱ्या रोटरमध्ये गाळ साचला आहे का, तेलाचा पंप दाब देतो का, वर येणारी तेलाची वाट मोकळी आहे का, हे सगळं त्याच वेळी बघायचं. माझ्या हातून एकदा झालेला गाढवपणा सांगतो. गॅस्केटला सिलिकॉनचं सोल्यूशन जरा सढळ हाताने लावलं होतं. त्यातला एक पापुद्रा आत सुटला आणि तेलाच्या भोकाच्या तोंडाशी जाऊन बसला. कॅम कंपनीचा, पक्का, आणि तरी तीन आठवड्यांत गेला. त्या वेळी मी बाजारातला कॅम घातला असता तर दोष बिनदिक्कत त्याच्या माथी मारून मोकळा झालो असतो.

खोक्यातला कॅम कोणत्या जातीचा

काउंटरवर ‘ओरिजिनल पाहिजे की लोकल?’ एवढाच प्रश्न येतो. प्रत्यक्षात जाती चार आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पैसे जातात.

पहिली, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला कॅम. दुसरी, कंपन्यांना माल पुरवणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने विकलेला. गाडीची कंपनी प्रत्येक पार्ट स्वतः ओतते असं नाही, आणि कॅमशाफ्ट हे तर वेगळ्या कसबाचं काम आहे. सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२ मध्ये स्थापन झाली आणि ती देशातल्या-परदेशातल्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. सोलापूर म्हटलं की चादर आठवणाऱ्यांना हे सांगितलं की खरं वाटत नाही. तिसरी जात, स्वतंत्र ब्रँड. यांचा कंपनीशी संबंध नसतो, पण नाव-पत्ता असतो, माल परत घ्यायची तयारी असते, आणि यांतले काही खरंच चांगले असतात. चौथी म्हणजे निनावी माल आणि कंपनीचं नाव चोरलेला माल. निनावी माल निदान आपण कोण आहोत याबद्दल खोटं बोलत नाही. नाव चोरलेला माल मात्र पूर्ण किमतीला विकला जातो, म्हणून फसवणूक तिथे जास्त.

खोकं बघताना होलोग्रामवर विसंबू नका, तोही छापून मिळतो. पार्ट नंबर बघा, आणि तो तुमच्या गाडीच्या चेसिस नंबरवरून निघालेला आहे का ते बघा. ‘सगळ्या शंभर सीसीला हाच बसतो’ या वाक्यापासून सावध राहा. बसणं आणि बरोबर असणं यांत फरक आहे. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं, कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. दिसायला इंजिन तेच वाटलं तरी जुन्या आणि नव्या गाडीचा पार्ट एकच असेल असं गृहीत धरू नका.

पाकिटबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, बनवल्याचा महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क छापणं वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. यातलं काहीच नसेल तर खोकं काउंटरवरच ठेवा. पुण्यात नाना पेठेत घ्या, दिल्लीच्या करोल बागेतून मागवा किंवा गावातल्या दुकानातून घ्या, जीएसटीचं पक्कं बिल आणि बिलावर पार्ट नंबर हवाच. बिलावर नुसतं ‘कॅम १ नग’ असेल तर पुढे भांडायला काही उरत नाही.

डोळ्यांनी आणि नखाने

कॅम पेट्रोलने धुऊन कोरडा करा. कारखान्यातून येताना लावलेल्या तेलाखाली बरंच काही लपतं.

उजेडात तिरपा धरून लोबवरून नजर फिरवा. ग्राइंडिंगच्या रेषा एकसारख्या, बारीक आणि लोबच्या फिरण्याच्या दिशेने असायला हव्यात. नख आडवं फिरवल्यावर ‘टर्र’ लागलं, कपडे धुण्याच्या पाटीसारख्या लाटा जाणवल्या, तर ग्राइंडिंग करताना चाक किंवा कॅम थरथरला आहे. असा कॅम रॉकरच्या पॅडला कानशीसारखा खातो. लोबवर तपकिरी-निळसर डाग दिसले तर आणखी वाईट. काम उरकायच्या घाईत चाक जोराने दाबलं, पृष्ठभाग तापला आणि कडकपणा उतरला. अशा जागेवर पुढे खड्डे पडतात. बारीक टाचणीएवढी भोकं दिसली तर ती ओतकामातली हवा किंवा वाळू. रॉकर ज्या पट्टीवरून फिरतो तिथे एकही भोक चालणार नाही.

काळपट, मॅट रंग बघून पुष्कळ जण खूश होतात. चांगल्या कॅमला मँगनीज फॉस्फेटचा थर दिलेला असतो. तो बारीक सच्छिद्र असल्याने पहिल्या काही तासांत तेल धरून ठेवतो आणि कॅम-रॉकर एकमेकांना जुळवून घेतात. पण काळा रंग म्हणजे फॉस्फेट असं नाही. नुसतं केमिकलने काळं केलेलं असू शकतं, आणि कधी चक्क रंग मारलेला. थिनरच्या बोळ्याने पुसल्यावर बोळा काळा झाला तर समजून जा.

आता बेअरिंग. या इंजिनात कॅम बॉल बेअरिंगवर फिरतो आणि बाजारातले बरेच कॅम बेअरिंगसकट मिळतात. कॅम ठीक आणि बेअरिंग भंगार, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. बाहेरची रिंग बोटांनी सावकाश फिरवा. कुठे अडकली, खरखरली किंवा आडवी हलवल्यावर खुळखुळली तर ते बेअरिंग काढून चांगल्या नावाचं घाला. बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसलेलं असलं पाहिजे. हाताने सरकत असेल तर शाफ्टचाच व्यास चुकलेला आहे आणि कॅम परत द्या.

ज्या कॅमना तेलाची भोकं असतात त्यांच्यातून बारीक तार घाला, मग हवा मारा. ओतकामाची वाळू आणि ग्राइंडिंगचा चुरा तिथेच दडून बसतो.

मोजमाप

इथे घाई करू नका. वाल्व किती उघडतो, किती वेळ उघडा राहतो आणि नेमका कधी उघडतो, या तिन्ही गोष्टी कॅम ठरवतो. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असताना कॅम त्याच्या निम्मे, म्हणजे २,५०० फेरे घेतो. प्रत्येक वाल्व सेकंदाला चाळीसवर वेळा उघडतो आणि मिटतो. अर्ध्या मिलिमीटरची चूक इथे लहान नसते.

व्हर्नियरने काम भागतं, पण डिजिटल व्हर्नियर ०.०१ मिमी दाखवतो म्हणून तेवढा अचूक असतो असं समजू नका. ०-२५ आणि २५-५० मिमीचे दोन मायक्रोमीटर घेतले तर पिढीभर पुरतात.

आधी जुना कॅम घ्या. लोबचं टोक झिजलेलं असलं तरी कॅमची पाठ, म्हणजे टोकाच्या विरुद्ध बाजूचा गोल भाग, जवळजवळ कोराच असतो. वाल्व मिटलेला असताना तिथे रॉकरचा दाब नसतो. शिवाय रॉकरचा पॅड लोबपेक्षा थोडा अरुंद असेल, तर लोबच्या कडेला एक बारीक पट्टी अशी सापडते जिथे रॉकर कधी टेकलाच नाही. ती पट्टी म्हणजे कारखान्यातून निघाल्या दिवशीचं माप. मायक्रोमीटरचं तोंड तिथे बसवा आणि दोन मापं घ्या: टोकापासून पाठीपर्यंतची पूर्ण उंची, आणि त्याला काटकोनात, गोल भागाचा व्यास. दोन्हींतला फरक म्हणजे लोबची लिफ्ट. दोन्ही लोबांची मापं वहीत लिहा, मग तेच नव्या कॅमवर करा.

नुसती उंची मोजून फसगत कशी होते ते बघा. आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. जुन्याच्या कोऱ्या पट्टीवर उंची २६.२० आणि गोल भाग २१.००, म्हणजे लिफ्ट ५.२० मिमी. नव्याची उंची २६.०५. वाटतं, पंधरा शतांश मिलिमीटरचाच तर फरक. पण नव्याचा गोल भाग २१.१० निघाला, म्हणजे लिफ्ट ४.९५. पाव मिलिमीटर लिफ्ट गेली. टॅपेटचा स्क्रू फिरवून गॅप बरोबर जमतो, आवाजही येत नाही, आणि गाडी मात्र कायम जरा मेल्यासारखी चालते. गिऱ्हाईक मग कार्ब्युरेटरमागे लागतं.

उलट प्रकारही असतो. जुनाच कॅम पुन्हा ग्राइंड करून, कधी वेल्डिंगने भरून, नवा म्हणून विकला जातो. ग्राइंड केलेल्याचा गोल भाग लहान होतो, त्यामुळे लिफ्ट बरोबर भरते पण टॅपेटचा स्क्रू नेहमीपेक्षा जास्त आत घ्यावा लागतो. भरलेल्या कॅमवर लोबच्या बाजूला रंगाची सीमारेषा दिसते, आणि तिथेच पुढे तडा जातो.

मग सरळपणा. दोन व्ही-ब्लॉकवर कॅम ठेवा, डायल गेजची (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाची) टोकणी गोल भागावर टेकवा आणि पाठीच्या टापूत सावकाश फिरवा. काटा ०.०३ मिमीपेक्षा जास्त हलला तर मी तो कॅम घेत नाही. मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा दिली असेल तर ती माना. डायल गेज आणि स्टँड नसेल तर ओळखीच्या टर्नरकडे जा, त्याला पाच मिनिटांचं काम आहे.

टायमिंग: स्प्रॉकेटची भोकं जिथे हवी तिथे आहेत का

लोबचा आकार बरोबर आणि स्प्रॉकेट (टायमिंग चेनचं दात्यांचं चाक) बसवायची भोकं चुकलेली, हा दोष मायक्रोमीटरला दिसत नाही. मध्यापासून १५ मिमीवर असलेलं भोक ०.३ मिमीने सरकलं, तर कॅम एका अंशाहून थोडा जास्त फिरतो आणि क्रँकच्या हिशेबात ती चूक दुप्पट होते. स्प्रॉकेटला २८ दाते धरले तर एक दात चुकणं म्हणजे क्रँकचे जवळपास २६ अंश. सव्वादोन अंशांची चूक त्यापुढे किरकोळ वाटते, पण खुणा तर ‘बरोबर’ मिळालेल्या असतात, म्हणून ती कोणी शोधतच नाही.

तपासायचं असं. ३६० अंशांची चकती कागदावर छापून पुठ्ठ्याला चिकटवा आणि मॅग्नेटवर बसवा. बाहेर तारेचा काटा करून इंजिनच्या बोल्टला अडकवा. टी खुणेवर चकतीचं शून्य जुळवा. डायल गेजची टोकणी वाल्वच्या वरच्या वाशरवर टेकवा. टॅपेटचा गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा आणि इंजिन त्याच्या चालण्याच्याच दिशेने सावकाश फिरवा. पुढे गेलात तर उलटं आणून काटा जुळवू नका, चेनचा ढिलेपणा आकड्यात शिरतो. पूर्ण फेरा मारून परत या.

वाल्व १ मिमी उघडल्याचा अंश आणि मिटताना १ मिमी राहिल्याचा अंश लिहा. समजा इनटेक पिस्टन वर यायच्या २ अंश आधी उघडला आणि खालचं टोक सोडल्यावर २५ अंशांनी मिटला. मग तो उघडा राहिला २ अधिक १८० अधिक २५, म्हणजे २०७ अंश. त्याचा मध्य १०३.५ वर, त्यातून सुरुवातीचे २ वजा केले की वरच्या टोकानंतर १०१.५ अंश. हे दोन आकडे, किती वेळ आणि मध्य कुठे, आधी जुन्या कॅमवर काढा, मग नव्यावर. टोक झिजलेल्या कॅमवरही मध्य बऱ्यापैकी खरा मिळतो, कारण १ मिमीच्या उंचीवर लोबच्या उतारांची झीज टोकापेक्षा कमी असते. नव्याचा मध्य दोन-तीन अंशांच्या आत जुळला तर मी पुढे जातो. पाचाच्या वर गेला तर कॅम खोक्यात परत.

हे सगळं प्रत्येक गाडीला करायला गॅरेजवाल्याला परवडत नाही, मला ठाऊक आहे. पण नवा ब्रँड पहिल्यांदा घेताना एकदा तरी करा. एका कॅमवर दोन तास घालवले की त्या ब्रँडबद्दल वर्षभर डोळस राहता येतं.

कडकपणा: कानस, आणि कानशीवर किती विश्वास

कॅम बहुधा बिडाचा असतो. ओतताना मोल्डमध्ये लोबच्या जागी लोखंडी चिल, म्हणजे उष्णता ओढून घेणारा तुकडा, ठेवतात. वितळलेलं बीड त्याला टेकताच झटकन थंड होतं आणि तिथे पांढरं बीड तयार होतं. ते कार्बाइडने भरलेलं, अतिशय कडक. शाफ्टचा बाकीचा भाग राखाडी बीडच राहतो, म्हणून तो कापता येतो, भोक पाडता येतं. दुसरी पद्धत म्हणजे पोलादी किंवा बिडाच्या कॅमचे लोब इंडक्शनने तापवून विझवणं. आमच्या कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या पट्ट्यातल्या फौंड्रीत राबलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. माझी एक-दोन गिऱ्हाइकं तिथलीच आहेत, आणि ती कॅम हातात घेऊन वजनावरून मत देतात. मत बरोबर असतं की नाही हा भाग वेगळा.

चिल केलेल्या बिडाच्या लोबचा कडकपणा रॉकवेल सी मापावर साधारण ४५ ते ५५ भरतो, कडक केलेल्या पोलादाचा ५५ ते ६२. साधं राखाडी बीड २० च्याही खाली असतं. खर्च वाचवायला चिल न घालता ओतलेला कॅम दिसायला हुबेहूब असतो आणि दूधवाल्याच्या गाडीत पंधरा दिवस चालतो. आणखी एक प्रकार फसवा आहे. ओतकाम मध्यापासून सरकलं, तर ग्राइंडिंगमध्ये एका बाजूचा कडक थर जास्त निघून जातो. मग एक लोब टिकतो आणि दुसरा खाल्ला जातो.

कानशीची जुनी युक्ती सगळ्यांना माहीत आहे: घसरली तर कडक, धरली तर मऊ. ती अर्धवट खरी आहे. चांगली नवी कानस साठीच्या पुढची असते, त्यामुळे पन्नासच्या आसपासच्या चांगल्या चिल कॅमलाही ती थोडी धरते. म्हणून एकट्या नव्या कॅमवर कानस चालवून निकाल देऊ नका. तीच कानस, तोच हात, आधी कंपनीच्या जुन्या कॅमच्या लोबच्या अगदी कडेला आणि मग नव्याच्या त्याच जागी. नव्याला ती जास्त सहज धरत असेल, भुगा निघत असेल, तर कॅम मऊ. रॉकर फिरतो त्या पट्टीला कानस लावायची नाही. आणि कानशीची खूण उठली की दुकानदार माल परत घेत नाही, तेव्हा आधी त्याला विचारा.

खरा आकडा हवा असेल तर एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटच्या युनिटमध्ये रॉकवेलचं यंत्र असतं, ओळखीने मोजून देतात. माप लोबच्या टोकाजवळ, पट्टीच्या बाहेर घ्यायला सांगा. पाठीवर घेतलेला आकडा कमी आला तरी घाबरू नका, पुष्कळ कॅमना चिल फक्त टोकाकडे असतो. दहा-वीस कॅम एकदम घेणाऱ्याने त्यातला एक बळी द्यावा, लोब मधोमध कापून घ्यावा. चिल केलेल्या कॅमच्या कापलेल्या तोंडावर पांढरा थर आणि राखाडी गाभा नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसतात.

रोलर रॉकर असलेल्या इंजिनाची गोष्ट निराळी. तिथे रोलर लोबला अगदी बारीक रेषेवर टेकतो, दाब जास्त एकवटतो. घसरणाऱ्या रॉकरसाठी केलेला कॅम तिथे चालेलच असं नाही.

बसवताना

रॉकर जुना आणि कॅम नवा, असं लग्न लावू नका. पॅडवर खड्डा, पायरी किंवा रेघ दिसली तर रॉकरही बदला. पॅड घासून गुळगुळीत करून देणारे आहेत, पण त्याची गोलाई आणि कडकपणा दोन्ही जातात. वाल्व स्प्रिंगही बघा. बाजारातली जास्त कडक स्प्रिंग चांगल्या कॅमलाही खाते.

चेन तारेने बांधून ठेवा, आत पडली तर अर्धा तास जातो. लोब आणि पॅडवर मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट लावा, नसेल तर निदान इंजिन ऑइल ओता. खुणा मिळवल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून त्या पुन्हा जुळतात का ते बघा. प्लग काढून ठेवा आणि हेडात तेल आलेलं दिसेपर्यंत किक मारा. तेल दिसल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, हा माझा सिलिकॉनच्या त्या प्रकारानंतरचा नियम आहे.

चालू केल्यावर पहिली काही मिनिटं आयडलवर सोडू नका. कमी वेगात लोबच्या टोकावर स्प्रिंगचा पूर्ण जोर येतो आणि तेल कमी उडतं. थोडा रेस धरून ठेवा. परदेशात मोठ्या मोटारींच्या इंजिनांना वीस-तीस मिनिटं सुमारे २,००० फेऱ्यांवर चालवायचा रिवाज आहे. हवेवर थंड होणाऱ्या आपल्या इंजिनाला उभ्या जागी ते करू नका, तापेल. दोन-तीन मिनिटांनी गाडी रस्त्यावर काढा, वेग कमी-जास्त करत पंधरा-वीस किलोमीटर फिरवा, मागे कोणी बसवू नका.

तेल जासो (दुचाकीच्या तेलाचं जपानी मानक) एमए किंवा एमए-२ चं, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं. मोटारीचं ‘इंधन वाचवणारं’ तेल घालू नका. क्लच घसरतो ते एक, आणि आताच्या अशा पातळ तेलांत धूर स्वच्छ करणाऱ्या उत्प्रेरकाला जपण्यासाठी फॉस्फरसवर कमाल मर्यादा असते. जस्त आणि फॉस्फरसचं तेच मिश्रण कॅमवर संरक्षक पापुद्रा धरतं. जासोच्या मानकात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के ठेवलेला आहे.

टॅपेट पहिल्या १०० किलोमीटरला, मग ५०० ला थंड इंजिनावर बघा आणि दोन्ही आकडे लिहा. पहिल्यांदा किंचित हलणं चालतं. ५०० ला तेलही बदला, आणि काढलेलं तेल पांढऱ्या बशीत घेऊन उन्हात तिरपं करा. चमक दिसली तर लगेच कव्हर काढा.

कॅम गेलाच तर

गाडी तशीच पुढे चालवू नका, झिजलेला चुरा पंपात आणि पिस्टनपर्यंत जातो. कॅम काढल्यावर धुऊ नका, पुसूही नका. खड्डे, रंग, तेलाचा अंश, सगळं तसंच राहू द्या. रॉकरसकट फोटो काढा, एकात पार्ट नंबर दिसला पाहिजे. काढलेलं तेल बाटलीत ठेवा. बसवण्याआधीची मापं, टॅपेटचे दोन आकडे, बिल आणि खोकं एकत्र ठेवा. दुकानदार ‘तेल नव्हतं’ म्हणेल, तेव्हा चांगल्या स्थितीतले बाकीचे भाग, विशेषतः पिस्टन आणि दुसरा लोब, त्याच्यासमोर ठेवा. तेलाअभावी सहसा एकटा लोब जात नाही.

न ऐकल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. कॅमच्या किमतीसाठी कोण जाणार, असं वाटतं. पण हेडचं काम, मजुरी, बुडालेले दिवस धरले की आकडा बदलतो. कंपनीचं नाव चोरलेला माल असेल तर त्या कंपनीच्या ग्राहक विभागालाही कळवा, त्यांना त्यात तुमच्यापेक्षा जास्त रस असतो.

आणि ‘कंपनीला पाठवून बघतो’ म्हणून दुकानदाराने बिघडलेला कॅम मागितला, तर लेखी पोच घेतल्याशिवाय तो हातातून सोडू नका. माझा तसा एक गेला आहे, तो अजून परत यायचा आहे.